विश्लेषण : मागची चाके एकमेकांना बांधलेली बरी की सुटी? चाकणच्या दोन गाड्यांची दोन उत्तरे

महिंद्राच्या चाकण येथील कारखान्यातून स्कॉर्पिओ-एन आणि एक्सयूव्ही ७०० या दोन्ही गाड्या बाहेर पडल्या आहेत. दोन्हींचा व्हीलबेस २,७५० मिलिमीटर आणि दोन्हींत सात आसनांचा पर्याय. पिंपळे गुरवच्या सृष्टी चौकात थोडा वेळ उभे राहिलात, तर एमएच १४ पाटीच्या दोन्ही दिसतील. मात्र मागून वाकून पाहिले, की फरक कळतो. स्कॉर्पिओ-एनच्या मागच्या दोन चाकांना जोडणारी जाड लोखंडी नळी आणि मधोमध डिफरन्शियलचा गोळा दिसतो. एक्सयूव्ही ७०० मध्ये ती नळीच नाही. एक गाडी ऑगस्ट २०२१ मध्ये आली, दुसरी जून २०२२ मध्ये. म्हणजे कंपनीला स्वतंत्र सस्पेन्शन येत नव्हते, असे म्हणता येत नाही. मग नंतर आलेल्या गाडीत ‘जुनी’ रचना का?

सलग एक्सल म्हणजे काय?

पिंपरी-चिंचवडकरांनी हा एक्सल ट्रकखाली रोज पाहिलेला आहे. दोन्ही चाके एकाच कडक दांड्याच्या दोन टोकांना असतात. वर पाटे किंवा कॉइल स्प्रिंग. एक चाक खड्ड्यात गेले किंवा दगडावर चढले, की दुसरेही कलते. दोन चाकांतले अंतर दीड मीटर धरा आणि एक चाक १० सेंटिमीटर वर उचला. अख्खा एक्सल आणि त्याच्यासोबत दुसरे चाक पावणेचार अंशांनी तिरके होते. टायरचा रस्त्यावर टेकणारा भाग तेवढा बदलतो.

गतिरोधकावरून गाडी सरळ नेली, तर दोन्ही चाके एकदमच वर जातात. तिथे हा कलण्याचा प्रश्न येत नाही. खरा त्रास एका बाजूच्या खड्ड्याचा, आणि तसल्या खड्ड्यांची आपल्याकडे वानवा नाही.

दुसरा मुद्दा वजनाचा. सलग एक्सलमध्ये नळी, डिफरन्शियल, त्यातले गिअर हे सगळे स्प्रिंगच्या खाली, चाकांबरोबर वर-खाली होते. हे वजन जितके जास्त, तितके चाक उसळल्यावर त्याला परत रस्त्यावर टेकवणे शॉकअपला जड जाते. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये डिफरन्शियल गाडीच्या सांगाड्याला बोल्टने बसवलेले असते आणि चाकाबरोबर फक्त हब, ब्रेक आणि आर्म्स हलतात.

स्पोर्ट्स कारवाल्यांचे भांडण

हा वाद सर्वांत चिवटपणे चालला तो अमेरिकेत. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेटने १९६३ मध्येच मागे स्वतंत्र सस्पेन्शन घेतले. गंमत म्हणजे त्यात स्प्रिंग म्हणून एक आडवा पाटाच होता. त्याआधी १९६१ मध्ये जग्वारच्या ई-टाइपने ते घेतले होते. १९६४ मध्ये आलेली फोर्ड मस्टँग मात्र जवळपास पन्नास वर्षे सलग एक्सलवरच धावली. अपवाद १९९९ ते २००४ मधल्या कोब्रा या खास आवृत्तीचा. सर्व मस्टँगना स्वतंत्र सस्पेन्शन मिळाले ते २०१५ च्या मॉडेलपासून. उजव्या हाताचे स्टिअरिंग घेऊन २०१६ मध्ये भारतात आली ती हीच पिढी.

फोर्डचे अभियंते पन्नास वर्षे झोपले होते का? नाही. सलग एक्सल स्वस्त आणि दणकट. शिवाय वळणावर बॉडी एका बाजूला कलली, तरी मागची चाके रस्त्याला जवळपास सरळ उभी राहतात. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये तेच साधायला आर्म्सची लांबी आणि कोन फार विचारपूर्वक ठरवावे लागतात. सरळ पट्टीवरच्या ड्रॅग रेसवाल्यांना तर आजही सलग एक्सलच आवडतो. गुळगुळीत ट्रॅकवर तो मुळीच मागे पडत नाही. वळण घेताना मधेच उंचवटा आला, की मात्र मागची बाजू झटका देऊन आडवी सरकते. ट्रॅकवर त्याने सेकंद जातात. ताम्हिणी घाटात, पावसात, मागच्या सीटवर मुले असताना तो झटका वेगळाच वाटतो.

‘स्वतंत्र’ म्हणजे आपोआप चांगले नाही

मर्सिडीजची १९५४ ची ३०० एसएल ही दंतकथा बनलेली स्पोर्ट्स कार. तिची मागची चाके स्वतंत्र होती, पण ‘स्विंग एक्सल’ पद्धतीची : प्रत्येक चाकाचा अर्धा एक्सल डिफरन्शियलपाशी बिजागरीसारखा फिरायचा. वळणावर अचानक ॲक्सिलरेटर सोडला, की मागचा भाग वर उचलला जायचा, बाहेरचे चाक आत दुमडायचे आणि गाडी गिरकी घ्यायची. शेव्हरोलेच्या सुरुवातीच्या कोर्व्हेअरमध्येही हीच पद्धत होती. तिच्यावर राल्फ नाडर यांनी १९६५ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाने अमेरिकेत वाहन सुरक्षेचा विषय ऐरणीवर आणला.

मर्सिडीजने १९८२ मध्ये १९० या मॉडेलमध्ये प्रत्येक मागच्या चाकाला पाच आर्म्स दिले. तीच मांडणी पुढे ज्या डब्ल्यू१२४ मध्ये आली, ती १९९५ पासून आपल्याकडे टेल्कोच्या पुण्यातील आवारात जुळवली जात होती. म्हणजे या पट्ट्यातल्या कामगारांच्या हातांना ही रचना तीसेक वर्षांपासून ठाऊक आहे.

चाकणमध्ये जेम्स वॅट

स्कॉर्पिओ-एनकडे परत येऊ. तिचा सांगाडा लॅडर फ्रेमचा, ट्रकसारखा. सलग एक्सलचे एक चाक वर गेले, की दुसरे खाली ढकलले जाते आणि ओबडधोबड जमिनीवर पकड टिकते. गाडी कितीही भरली, तरी डिफरन्शियलची जमिनीपासूनची उंची बदलत नाही. गावाकडच्या वाटेवर सात माणसे आणि धान्याची पोती नेणाऱ्याला हे कळते.

राहिला आडवा सरकण्याचा प्रश्न. अनेक गाड्यांत त्यावर पॅनहार्ड रॉड नावाचा एक आडवा दांडा असतो. त्याचे एक टोक एक्सलला आणि दुसरे बॉडीला असल्याने एक्सल वर-खाली होताना थोडा वर्तुळात, म्हणजे बाजूला सरकतो. स्कॉर्पिओ-एनमध्ये त्याऐवजी वॅट लिंकेज आहे : दोन दांडे आणि मध्ये फिरणारा एक तुकडा. त्यामुळे एक्सलचा मध्यबिंदू जवळपास सरळ उभ्या रेषेत हलतो. ही युक्ती जेम्स वॅट यांची. वाफेच्या इंजिनासाठी त्यांनी १७८४ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. आडव्या झटक्यावरचा हा चांगला उतारा आहे. स्प्रिंगखालचे वजन मात्र त्याने कमी होत नाही.

मग घ्यायची कोणती?

रोजची धाव पिंपळे गुरव ते हिंजवडी, महिन्यातून एकदा द्रुतगती मार्ग, तिसऱ्या रांगेत आजी-आजोबा : अशा घरासाठी एक्सयूव्ही ७०० ची रचना उजवी, असे माझे स्पष्ट मत. तिसरी रांग मागच्या चाकांच्या जवळच असते आणि एका बाजूचा खड्डा तिथेच सर्वाधिक कळतो. मात्र स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये सांधे आणि रबरी बुश जास्त. मागच्या चाकांचे अलाइनमेंटही पाहावे लागते, ते सलग एक्सलला सहसा लागत नाही. सेकंडहँड घेताना मागचे टायर आतल्या कडेने जास्त झिजले आहेत का, हे हात फिरवून पाहा. विक्रेता ते सांगेलच असे नाही. कच्चा रस्ता आणि ओझे नेहमीचेच असेल, तर स्कॉर्पिओ-एन घेताना संकोच करू नका.

छोट्या गाडीवाल्यांना या भांडणात पडायचे कारण नाही. चाकणच्याच फोक्सवॅगन व्हर्टस आणि टायगुनमध्ये मागे टॉर्शन बीम असतो. तो पीळ सहन करणारा आडवा बीम असल्याने चाके थोडी सुटी, थोडी बांधलेली राहतात. पुण्यात बनणाऱ्या टाटा हॅरियरच्या डिझेल गाडीचीही मांडणी अर्धी-स्वतंत्रच.

हॅरियरची इलेक्ट्रिक आवृत्ती २०२५ मध्ये आली, तेव्हा मात्र टाटांनी मागे पूर्ण स्वतंत्र मल्टिलिंक दिले. चाकणमध्ये बनणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ मध्येही तेच. कारण साधे आहे : मागची मोटर नेमकी त्याच जागी बसते, जिथून आडवा बीम जायचा.