पुड्यावरचा चौकोन आणि आपली ऊस नोंद



परवा गट ऑफिसात एका सभासदाने साखरेचा एक किलोचा पुडा टेबलावर ठेवला आणि विचारले, "साहेब, ह्या काळ्या-पांढऱ्या चौकोनाचा उपयोग तरी काय?" प्रश्न रास्त आहे, म्हणून हा खुलासा.

या चौकोनाला क्यूआर कोड म्हणतात. 1994 साली जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने मोटारीच्या सुट्या भागांची नोंद चटकन वाचता यावी म्हणून तो तयार केला. उभ्या रेघांच्या बारकोडात मोजकेच आकडे बसतात. चौकोनात आडवी-उभी दोन्हीकडून माहिती भरता येते. थोडा भाग मळला-फाटला तरी फोन तो वाचतो.

आपल्या देशात औषधांच्या 300 ब्रँडवर 1 ऑगस्ट 2023 पासून असा कोड सक्तीचा झाला. त्यातून उत्पादक, बॅच नंबर, मुदतीची तारीख कळते. साखरेच्या पुड्यावरही कारखाना, हंगाम, दाण्याची प्रत एस-30 की एम-30, पॅकिंगची तारीख एवढे सांगता येईल. मात्र साखर कोणाच्या रानातली, हे सांगता येणार नाही. गव्हाणीत पडला की सगळ्यांचा ऊस एक होतो.

आता सावधगिरीची गोष्ट. मी एकदा 'रसायनमुक्त' लिहिलेला गूळ घेतला. कोड वाचला, तर नुसती जाहिरात! कुठल्या गुऱ्हाळाचा, कधीचा, काही नाही. कोड म्हणजे फक्त दार. आत काय ठेवले, ते ठेवणाऱ्याच्या हातात. कोडची नक्कलही होते. तेव्हा औषधाची बाटली घेताना फोनवरचा बॅच नंबर आणि बाटलीवर छापलेला नंबर जुळतो का, ते पाहावे आणि पक्की पावती घ्यावी.

हाच न्याय आपल्यालाही लागू आहे. आपल्या मालाची पहिली नोंद होते ती बांधावर, चिटबॉयच्या वहीत. तोड लवकर मिळावी म्हणून काही जण लागणीची तारीख महिना-दीड महिना मागची सांगतात. राग मानू नये, पण हे घडते. मग कोवळा ऊस गव्हाणीत येतो, उतारा घटतो. आणि ऊसदर ठरतो तो कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. एकाची तारीख खोटी, तोटा सगळ्यांचा! खोट्या नोंदीवर कितीही सुबक कोड छापला तरी गिऱ्हाईक एकदाच फसेल, दुसऱ्यांदा दुसऱ्याचा पुडा उचलेल.

तरी सभासदांना विनंती की, लागणीची खरी तारीख, ऊसाची जात, लागण की खोडवा आणि खरे क्षेत्र नोंदवावे. नोंदीची पावती घरी नेऊन वाचावी, चूक असल्यास लगेच गट ऑफिसात दुरुस्त करून घ्यावी.

— ऊस विकास अधिकारी