चिखलात बंद, घाटात चालू

स्टिअरिंगच्या उजव्या हाताला, गुडघ्याच्या थोडं वर, हेडलाइटचा झोत वरखाली करायची कळ असते. पुष्कळ गाड्यांत तिच्या शेजारीच आणखी एक बटण असतं. त्यावर मागून दिसणारी गाडी आणि तिच्या चाकांखाली दोन नागमोडी रेघा. गाडी घेऊन चार वर्षं झाली तरी या बटणाला बोट न लावलेले लोक खूप आहेत. ‘ते बंद केलं की गाडी मोकळी पळते’ असं मित्राकडून ऐकून घाट लागला की आवर्जून ते दाबणारेही आहेत. पहिल्या मंडळींचं फारसं काही बिघडत नाही. काळजी आहे ती दुसऱ्यांची.

या यंत्रणेचं सर्वसाधारण नाव इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे ईएससी. मारुतीवाले तिला ईएसपी म्हणतात, टोयोटा व्हीएससी, होंडा व्हीएसए, बीएमडब्ल्यू डीएससी. अक्षरं वेगळी, काम एकच: ड्रायव्हरला जायचंय कुठे आणि गाडी चाललीय कुठे, यातला फरक सतत तपासत राहायचा. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा सेन्सर पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. दुसऱ्याचं उत्तर गाडी स्वतःभोवती किती वेगाने वळतेय हे मोजणारा सेन्सर देतो. आजच्या गाड्यांत हा सेन्सर म्हणजे सिलिकॉनचा एक बारीकसा, सतत थरथरणारा तुकडा. गाडी वळली की कोरिऑलिस परिणामामुळे त्या थरथरीची दिशा किंचित ढळते आणि तेवढं ढळणं मोजलं जातं. विषुववृत्त ओलांडून आलेले मोसमी वारे याच परिणामामुळे उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्येकडून आपल्याकडे येतात. बॉश कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ‘जायचंय कुठे, चाललीय कुठे’ ही तपासणी सेकंदाला 25 वेळा होते.

फरक आढळला की पुढे काय होतं, हे घाटातल्या वळणावर पाहू. उतारावर उजवीकडचं वळण आहे, रस्ता ओला आहे, वेग जरा जास्त झालाय. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं, पण गाडीचं नाक वळायला तयार नाही. गाडी सरळ डावीकडच्या कठड्याकडे निघाली. अशा वेळी ईएससी मागचं उजवं चाक तेवढं ब्रेक लावून धरते. उजव्या बैलाला आवरलं की बैलगाडी उजवीकडे वळते, तसं गाडीचं नाक आत येतं. कधी उलटंही होतं. नाक नको तितकं आत वळतं आणि मागचा भाग बाहेर फेकला जातो. गाडी भिंगरीसारखी फिरायची हीच सुरुवात. मग ब्रेक लागतो तो पुढच्या डाव्या चाकाला, आणि फिरणं थोपतं. सोबत इंजिनची ताकदही क्षणभर कमी केली जाते. माणूस कितीही तरबेज असला तरी हे त्याला जमणारं नाही, कारण त्याच्या पायाखाली चार चाकांसाठी मिळून ब्रेकचा एकच पेडल आहे.

ही यंत्रणा पहिल्यांदा गाडीत आली ती 1995 मध्ये, मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये. बॉशमध्ये तिच्यावर काम करणाऱ्या तुकडीचे प्रमुख होते अँटोन फान झांटेन. पुढे 2016 मध्ये त्यांना युरोपियन इन्व्हेंटर ॲवॉर्डमध्ये जीवनगौरव मिळाला. पण सुरुवातीला ही चैन श्रीमंतांच्या गाड्यांपुरतीच होती. ती छोट्या गाडीपर्यंत पोहोचली एका फजितीमुळे. ऑक्टोबर 1997 मध्ये ‘टेक्निकेन्स व्हार्ल्ड’ या स्वीडिश मासिकाने मर्सिडीजच्या नव्याकोऱ्या ए-क्लासची चाचणी घेतली. रस्त्यात अचानक मूस, म्हणजे तिकडचं सांबरापेक्षाही थोराड हरीण, आडवं आलं तर गाडी झटकन एका बाजूला घेऊन परत सरळ करता येते का, अशी ही चाचणी. ए-क्लास चक्क उलटली. पूर्व जर्मनीची, सगळ्यांच्या चेष्टेचा विषय झालेली ट्राबांट याच चाचणीतून सुखरूप बाहेर पडल्याने मर्सिडीजची आणखीच शोभा झाली. कंपनीने गाड्यांची विक्री थांबवली, सस्पेन्शन सुधारलं आणि प्रत्येक ए-क्लासमध्ये ईएसपी बसवून दिली.

पुढच्या दहा वर्षांत अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा खात्याने अपघातांच्या नोंदी तपासल्या. दुसरं कोणतंही वाहन न धडकता होणारे अपघात ईएससीमुळे मोटारींमध्ये 34 टक्क्यांनी आणि एसयूव्हींमध्ये 59 टक्क्यांनी कमी होतात, असा त्यांचा अंदाज निघाला. उंच गाडी उलटायला सोपी, म्हणून एसयूव्हीला फायदा जास्त. त्यानंतर अमेरिकेत 2012 च्या मॉडेलपासून आणि युरोपात 2014 च्या अखेरीपासून सगळ्या नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. आपल्याकडे गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या, 2023 मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्ये तीन किंवा त्याहून जास्त तारे हवे असतील तर गाडीत ईएससी असावीच लागते. नवी गाडी बघायला गेलात तर सनरूफच्या आधी हा प्रश्न विचारा, आणि तुम्ही घेताय त्याच व्हेरियंटबद्दल विचारा.

एवढी गुणाची गोष्ट, तर ती बंद करायचं बटण दिलंच कशाला? याचं उत्तर चिखलात आहे.

ईएससीच्याच जोडीला ट्रॅक्शन कंट्रोल असतं. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की इंजिनची ताकद कापायची, हे त्याचं काम. डांबरी रस्त्यावर ते योग्यच आहे. आता जुलैतलं कोकण डोळ्यासमोर आणा. डांबरी रस्ता सोडून घराकडे जाणारी लाल मातीची चढण, आणि पुढचं डावं चाक चिखलात. अ‍ॅक्सिलरेटर दाबला, चाक अर्धा वेढा फिरलं, डॅशबोर्डवर नागमोडी रेघांचा पिवळा दिवा फडफडला आणि इंजिनचा आवाज बसला. अजून दाबला, तरी तेच. गाडी रेसच घेत नाही. यंत्रणेच्या लेखी तिने गाडीला घसरण्यापासून वाचवलंय. तुमच्या लेखी गाडी रुतलीय. चिखलातून किंवा वाळूतून बाहेर पडायचं तर चाक थोडं घसरत फिरावंच लागतं. तेव्हाच टायरच्या नक्षीत भरलेला चिखल भिरकावला जातो आणि खालच्या घट्ट थराला रबर लागतं. वाळूत तर आलेला जोर तुटू देऊन चालतच नाही. इथे बटण दाबायचं. किनाऱ्याच्या वाळूत गाडी घालूच नये, हा भाग वेगळा; भरतीला ट्रॅक्शन कंट्रोलशी काही देणंघेणं नसतं.

लडाख-स्पितीच्या बाजूला खोल बर्फात रुतलात, किंवा चाकांना साखळ्या बांधल्यात, तरी हेच. रुतलेली गाडी पुढचा-मागचा गिअर टाकत झोके देऊन काढायची असेल तेव्हाही. बंदिस्त ट्रॅकवर शर्यत खेळणारे ईएससी बंद करतात, पण तिथे समोरून एसटी येत नाही. ज्या गाड्यांत वाळू, चिखल, बर्फ असे मोड आहेत, त्यांत वेगळं बटण शोधायची गरज सहसा पडत नाही. चाकाला किती घसरू द्यायचं ही मर्यादा तो मोडच वाढवून देतो.

बटणाची एक खुबी माहीत असलेली बरी. बऱ्याच गाड्यांत ते नुसतं दाबून सोडलं तर फक्त ट्रॅक्शन कंट्रोल बंद होतं आणि गाडी सावरणारा ब्रेकचा भाग चालूच राहतो. काही सेकंद दाबून धरलं तर दोन्ही बंद होतात. चिखलातून निघायला पहिला प्रकार पुरतो. कोणत्याही प्रकारात एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा, मात्र जागेवर असते. काही गाड्यांत ठरावीक वेगाच्या वर गेल्यावर ईएससी आपणहून परत चालू होते.

आता घाटात बटण दाबणाऱ्यांकडे. त्यांची तक्रार असते की ईएससी गाडीची ताकद खाते. दिवा फडफडत नसताना ती काहीही खात नाही. नुसती बघत बसते. मायलेजवरही तिचा परिणाम होत नाही. वळणावर दिवा फडफडला आणि गाडी मंदावली, तर त्याचा अर्थ टायरची पकड संपली होती, एवढाच. त्या क्षणी बटण बंद असतं तर जास्त ताकद मिळाली असती हे खरं, पण ती दरीच्या दिशेने.

याच्या उलटची समजूतही तितकीच घातक आहे: ईएससी आहे म्हणजे वळण कितीही वेगाने घेता येतं. ही यंत्रणा टायरची पकड वाढवत नाही, असलेली पकड चार चाकांत शहाणपणाने वाटते. तीस मीटर त्रिज्येचं वळण घ्या. कोरड्या डांबरावर घर्षणांक 0.7 धरला तर ते ताशी साधारण 52 किलोमीटरपर्यंत घेता येतं. पावसाने घर्षणांक 0.4 वर आला की ही मर्यादा 39 वर येते. पहिल्या पावसात, उन्हाळाभर साचलेलं तेल आणि धूळ रस्त्यावर तरंगते तेव्हा, त्याहूनही खाली. झिजलेल्या टायरांचं तर बोलायलाच नको. मर्यादेच्या वर गेलात तर कोणतं चाक धरावं हे संगणकाला कळून उपयोग नाही, कारण धरलेल्या चाकाला पकडायला खाली काही उरलेलं नसतं.

दिव्याची भाषा सोपी आहे. फडफडला तर यंत्रणा काम करतेय, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून हलकेच काढा. ‘ऑफ’ लिहिलेला दिवा लागला तर ती तुम्ही बंद केलीय. नुसताच लागून राहिला तर बिघाड आहे, गॅरेज गाठा. कधी चाकाजवळच्या सेन्सरवर चिखल बसलेला असतो. कधी बॅटरी बदलल्यावर स्टिअरिंगचा सेन्सर आपलं मधलं स्थान विसरतो आणि त्याला ते परत शिकवावं लागतं.

चिखलातून गाडी निघाली की पहिल्या कडक जागेवर थांबा आणि बटण पुन्हा दाबा. आठवत नसेल की मघाशी ते दाबलं होतं का, तर इंजिन बंद करून परत सुरू करा. ईएससी त्यासोबत आपोआप चालू होते.