दुरून दिलेली आज्ञा

दिल्लीच्या कोपर्निकस मार्गावर जुने महाराष्ट्र सदन आहे. तेथे उतरलेला एखादा अधिकारी मुंबईच्या मंत्रालयातील कागद आपल्या संगणकावर उघडतो, तेव्हा त्याची मागणी वाटेत किती यंत्रांच्या हातून जाते हे त्याला ठाऊक नसते. असण्याचे कारणही नाही. या यंत्रांना राउटर म्हणतात. ती बहुधा कुलूपबंद खोल्यांत, माणसावाचून, अहोरात्र चालतात. त्यांची देखभाल करणारा पुष्कळदा शेकडो मैल दूर असतो आणि कळफलकावर टंकलेल्या आज्ञा एवढेच त्याचे हत्यार असते.

यांतील सर्वांत साधी आज्ञा म्हणजे ‘पिंग’. अमेरिकेतील माईक मूस यांनी ती १९८३ च्या डिसेंबरात लिहिली. पाण्याखालची पाणबुडी हुडकण्यासाठी ध्वनी सोडून प्रतिध्वनी ऐकतात, त्यावरून हे नाव आले. दूरच्या यंत्राकडे एक चिमुकला निरोप धाडायचा आणि तो परत येण्यास किती वेळ लागला ते पाहायचे, इतकेच तिचे काम. परंतु हा वेळ फार बोलका असतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. दिल्ली-मुंबई मार्ग १,४०० किलोमीटरांचा धरला, तर जाण्यायेण्यास सेकंदाचे १४ सहस्रांश पुरतात. तोच निरोप भूस्थिर उपग्रहावरून गेला, तर सुमारे ३६,००० किलोमीटरांचे अंतर चारदा कापावे लागून जवळजवळ अर्धा सेकंद जातो. उत्तराच्या विलंबावरून जाणकार रस्ता ओळखतो तो असा. ज्याचे नाव या मार्गाला दिले आहे, त्या ज्योतिर्विदालाही ग्रहांपर्यंत जाता येत नव्हतेच!

उत्तर आले नाही म्हणजे यंत्र बंद पडले, असे मात्र समजू नये. कित्येक यंत्रांना उत्तर न देण्याचीच ताकीद असते. सरकारी पत्रव्यवहारात आयुष्य गेलेल्यांना हे वेगळे सांगावयास नको.

निरोप कोठे अडला हे ‘ट्रेसरूट’ सांगते. प्रत्येक निरोपावर त्याच्या आयुष्याचा एक आकडा असतो. वाटेतील प्रत्येक राउटर तो एकाने उणा करतो, आणि शून्य झाला की निरोप टाकून देऊन धन्याला तसे कळवतो. तेव्हा आकडा मुद्दाम प्रथम १, मग २, मग ३ असा ठेवला, की वाटेतले मुक्काम एकेक करून स्वतःच आपला पत्ता सांगू लागतात. मोठी सुरेख युक्ती!

आतापर्यंत आपण केवळ विचारपूस केली. यंत्रात शिरून त्याचा कारभार बदलावयाचा, तर पूर्वी ‘टेलनेट’ वापरीत; त्यात परवलीचा शब्द उघड्या पत्रासारखा जाई. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तातू युलोनेन यांनी ‘एसएसएच’ रचून त्याला लखोटा दिला.

परंतु खरा धोका चोराचा नव्हे, धन्याचाच असतो. आज्ञा ज्या वाटेने जाते, तीच वाट ती बंद करू शकते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या जाळ्याची क्षमता अजमावण्यासाठी दिलेल्या एका आज्ञेने त्या जाळ्याचे सारे मुख्य दुवेच तोडले. अशी आज्ञा अडवण्यासाठी ठेवलेल्या पहारेकरी प्रणालीतही दोष होता. व्हॉट्सअॅपसह सारा कारभार सुमारे सहा तास ठप्प झाला. दुरुस्तीची आज्ञा पाठवावी, तर वाटच उरली नव्हती. अडचणीच्या वेळेसाठी राखलेली दुसरी वाटही चालेना. अखेर माणसांना प्रत्यक्ष यंत्रांपाशी जावे लागले.

यावर एक जुना, साधा उपाय आहे. धोक्याचा बदल करण्यापूर्वी राउटरलाच बजावून ठेवायचे, की दहा मिनिटांत माझी संमती आली नाही, तर पूर्वस्थितीवर परत जा. वाट तुटली, तर संमती पोहोचणार नाही आणि यंत्र आपण होऊन मागे फिरेल. त्याखेरीज पहिल्या वाटेवर कशासाठीही विसंबून नसलेली दुसरी वाट हवी, आणि खोलीची किल्ली कोणापाशी आहे हे एका कागदावर लिहिलेले असावे.