त्वचामार्गे औषध : स्वेदनापूर्वी विचारावयाचा एक प्रश्न

आयुर्वेदाने त्वचेकडे केवळ शरीराचे आवरण म्हणून कधीच पाहिले नाही. अभ्यंग, परिषेक, अवगाह व आलेप यांतील द्रव्यांचे पचन त्वचेतील भ्राजक अग्नी करतो, असे सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात (अध्याय २१) सांगितले आहे. लेप रोमांच्या उलट दिशेने लावावा, म्हणजे औषध रोमकूपांतून आत शिरते, हा नियमही (अध्याय १८) त्याच विचाराशी सुसंगत आहे.

आधुनिक औषधशास्त्रानेही हा मार्ग अवलंबिला आहे. प्रवासातील मळमळीवरील स्कोपोलामाइनच्या पट्टीस १९७९ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. पुढे हृच्छूलासाठी नायट्रोग्लिसरीनच्या व तीव्र वेदनांसाठी फेंटानिलच्या पट्ट्या आल्या. त्वचेचा सर्वांत बाहेरचा मृत पेशींचा थर हा या मार्गातील मुख्य अडसर होय. साधारणतः ५०० डाल्टनहून लहान व स्नेहात विरघळणारे रेणूच तो ओलांडू शकतात. उष्णतेने हा अडसर शिथिल होतो, त्वचेतील रक्ताभिसरण वाढते आणि शोषणाचा वेगही वाढतो.

नेमके हेच आपण स्वेदनाने घडवून आणतो! कर्करोगाच्या वेदनांसाठी फेंटानिलची पट्टी लावलेल्या रुग्णास नाडीस्वेद वा बाष्पस्वेद दिल्यास औषध अतिमात्रेत रक्तात उतरून श्वसन मंदावू शकते. प्रसंगी मृत्यूही ओढवतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ साली या पट्टीबाबत इशारा दिला होता. नायट्रोग्लिसरीनच्या पट्टीवर उष्णता लागल्यास रक्तदाब उतरून भोवळ येण्याचा धोका असतो.

'कोणती औषधे घेता?' असे विचारले असता रुग्ण बहुधा गोळ्यांचीच नावे सांगतो. म्हणून 'अंगावर औषधाची पट्टी लावली आहे काय?' हा प्रश्न पूर्वकर्मात स्वतंत्रपणे विचारावा आणि छाती, पाठ व दंड पाहून घ्यावेत, असे आम्हांस आग्रहाने सुचवावेसे वाटते. पट्टी आढळल्यास स्वेदन करू नये, पट्टीवर वा तिच्याभोवती तेल लावू नये. ती परस्पर काढूही नये. फेंटानिल पट्टी काढल्यानंतरही कित्येक तास त्वचेतून रक्तात जात राहते. मूळ चिकित्सकाशी बोलूनच पुढील निर्णय घ्यावा.

औषधविक्रेत्या बंधूंनीही पट्टी देताना शेकाची पिशवी वर्ज्य असल्याचे ग्राहकास सांगावे. वत्सनाभयुक्त तेले व लेप जखमेवर लावू नयेत, हेही आवर्जून बजावावे.

बाह्य उपचार निरपायी असतात, हा समज आपणच प्रथम सोडला पाहिजे. जे त्वचेत पचते, ते शरीरात पोहोचते.