पाणी तेलावर नको, भाजलेल्या हातावर हवं

कढईतल्या तेलाने पेट घेतला की हात आधी पाण्याच्या तांब्याकडे जातो. नांदेड-लातूरकडे दिवाळीच्या चकल्यांपासून लग्नाच्या बुंदीपर्यंत कढई सतत चढलेली असते, त्यामुळे ही सवय मोडणं इथे जास्तच गरजेचं आहे. तळण होतं १७०-१८० अंश सेल्सिअसला. रिफाइंड सोयाबीन तेल २३०च्या आसपास धूर सोडू लागतं आणि तापतच राहिलं, तर साधारण ३५०च्या पुढे ठिणगीशिवायही पेटतं. अशा तेलात ओतलेलं पाणी जड असल्यामुळे तळाशी जातं, तिथे क्षणात त्याची वाफ होते आणि तिला पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा लागते. वर येताना ती पेटत्या तेलाचे थेंब उधळते. प्रत्येक थेंबाला चहूबाजूंनी हवा मिळते आणि कढईपुरती आग छताला भिडते.

म्हणून आधी शेगडीचं बटण बंद करायचं आणि परात किंवा मोठं स्टीलचं ताट आपल्या बाजूने पुढे सरकवत कढईवर ठेवायचं. कढई उचलून अंगणात न्यायचा विचारही नको. विझली का, हे बघायला झाकण लगेच उघडलं तर हवा आत शिरते आणि तापलेलं तेल पुन्हा भडकतं. ज्वाळा बटणापर्यंत हात जाऊ देत नसतील, तर सगळ्यांना घेऊन घराबाहेर पडून १०१ला फोन लावावा. घाण्याचं करडई तेल लवकर धुरावतं, म्हणून ते जास्त धोक्याचं, असं काहींना वाटतं. ते धुरावतं लवकर हे खरं, पण धूर हा इशारा आहे. तो लवकर मिळाला तर सावध व्हायला वेळही जास्त मिळतो, अर्थात कुणी शेगडीपाशी उभं असेल तर. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: गॅसची टाकी पेटली की ओलं पोतं टाकायला शिकवतात, मग पाणी चालतंच ना? तिथे काम करतं ते हवा अडवणारं पोतं. पाणी फक्त पोत्याला जळू देत नाही. शिवाय ज्वाळा विझली आणि गॅस चालूच राहिला, तर हवेपेक्षा जड असलेला तो वायू जमिनीलगत साचतो. हवेत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेलं की एक ठिणगी पुरते. म्हणून पोत्याआडून रेग्युलेटर बंद करणं हेच खरं काम.

पाण्याची जागा भाजलेल्या कातडीवर आहे. वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरलं, तर आत उतरत जाणारी उष्णता थांबते आणि जखम खोल होत नाही. २०१६च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे २० मिनिटं नळ कुठून सोडायचा, असं कुणी विचारलं तर ते रास्तच आहे. पण नळच हवा असं नाही. बादलीतलं स्वच्छ पाणी मगाने हळूहळू ओतत राहावं, तेही कमी असेल तर ओल्या सुती कापडाच्या घड्या बदलत राहाव्यात. बर्फ, टूथपेस्ट, हळद यांपैकी काहीही नको. लहान मूल बरंच भाजलं असेल, तर बाकीचं अंग मात्र उबदार ठेवावं. भाजल्यानंतर तीन तासांच्या आत गार पाणी सुरू केलं तरी उपयोग होतो, म्हणजे दूरच्या गावात १०८च्या गाडीची वाट बघत असतानाही ही २० मिनिटं पूर्ण करावीत.