सोसलेला माणूस आणि शिकलेला माणूस

नवापूरच्या पश्चिमेस, जुन्या बडोदे संस्थानच्या सोनगड-व्यारा मुलुखात, १९२२ च्या अखेरीस आदिवासी स्त्री-पुरुष गावोगाव जमत आणि आपल्यातल्याच कुणाच्या अंगात आलेल्या देवीची आज्ञा ऐकून दारू-ताडी सोडण्याची शपथ घेत. पुढे १९३८ मध्ये तळोदे तालुक्यातील मोरवडच्या गुला महाराजांनी पश्चिम खानदेशातील भिल्लांत तेच कार्य 'आप'च्या नावाने पुन्हा उभे केले. या दोन्ही चळवळींचे मोठे बळ हे की, सांगणारा ऐकणाऱ्यांपैकीच होता; त्याला दारूचा गुण-अवगुण कुणाच्या पुस्तकातून समजून घ्यावा लागला नव्हता.

मानसोपचाराच्या शास्त्राला हे बळ आपल्या दालनात आणून बसविण्यास बराच काळ लागला. फ्रान्समध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस प्यूसाँ नावाचा कारभारी बिसेत्र येथील रुग्णालयात बऱ्या झालेल्या रुग्णांनाच सेवक म्हणून नेमीत असे, कारण ते रुग्णांवर हात उगारीत नसत. परंतु हा शिरस्ता पुढे रुजला नाही. महाराष्ट्रात तो रुजला तो पुण्यास. २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू केले, आणि तेथे उपचार घेऊन बाहेर पडलेली माणसेच हळूहळू तेथील कार्यकर्ते झाली. आजही तेथे मानसशास्त्राची पदवी घेतलेले समुपदेशक आणि स्वतः व्यसनातून उठलेले समुपदेशक एकाच छपराखाली काम करतात.

हे सहकार्य प्रत्यक्षात कसे चालते, हे दारू नुकतीच तुटलेल्या माणसाच्या पहिल्या दिवसांवरून उत्तम कळते. हात थरथरत असलेल्या माणसास चहाचा पेला काठोकाठ भरून द्यायचा नसतो, अर्धाच द्यायचा असतो, म्हणजे तो चारचौघांत सांडत नाही आणि त्याची लाज झाकली जाते. ही गोष्ट ज्याचा स्वतःचा पेला एकदा सांडला आहे त्याला आपोआप सुचते. 'मी कधीमधीच घेतो' या वाक्यातली लबाडी त्याला तत्काळ ओळखू येते, कारण तीच त्याने वर्षानुवर्षे स्वतःच्या बायकोला सांगितलेली असते, आणि म्हणूनच तो ती रागावून नव्हे तर हसून बाजूला सारू शकतो. परंतु त्याच दोन-तीन दिवसांत रुग्णास झटके येऊ लागले, नसलेली माणसे दिसू लागली, तर तेथे 'मलाही झाले होते, सोस थोडे' हा दिलासा प्राणावर बेतू शकतो. तेथे डॉक्टरच हवा. दारूच्या आड लपलेले नैराश्य कोणते, आत्महत्येचा विचार कितपत खोल गेला आहे, घरच्यांशी काय बोलावे आणि काय गुप्त ठेवावे, हे पारखण्याचे शिक्षण मानसशास्त्रज्ञाने घेतलेले असते. सोसलेल्या माणसाचा मोठा धोका हा की, आपण ज्या वाटेने बाहेर आलो तीच एकमेव वाट आहे असे त्याला वाटू लागते. आणि शिकलेल्या माणसाचा धोका हा की, नोंदवहीतले उत्तर तो रुग्णाचे खरे उत्तर समजतो. दोघे रोज एकत्र बसून एकाच रुग्णाविषयी बोलले तरच हे दोन्ही धोके टळतात.

नवापूर तालुक्यात तर ही गरज अधिकच तीव्र आहे. येथील घराघरांत मावची बोलली जाते, ऊसतोडीच्या हंगामात कुटुंबेच्या कुटुंबे सीमा ओलांडून गुजरातेत जातात, आणि मोहाच्या दारूला देवकार्यात व मर्तिकात मानाचे स्थान आहे. बाहेरून आलेला मानसशास्त्रज्ञ कितीही सहृदय असला तरी, पितरांना दारूची धार सोडल्यावाचून विधी पुरा होत नाही अशा घरात, कालच दारू सोडलेल्या माणसाने काय करावे, हे त्याला कसे सांगता यावे? धार भुईवर सोडावी, पेला ओठांस न लावता पुढच्याच्या हाती द्यावा आणि तेवढ्या वेळापुरते एखाद्या न पिणाऱ्या भाऊबंदाच्या शेजारी बसावे, हा सल्ला त्याच मांडवात बसून ज्याने स्वतःला सावरले आहे तोच देऊ शकतो, आणि त्याचाच ऐकला जातो.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने या अनुभवाला एक आसन दिले आहे: जिल्ह्यांसाठीच्या पुनर्विलोकन मंडळांवर न्यायाधीश आणि वैद्यांच्या बरोबरीने दोन जागा मानसिक आजार असलेल्या व्यक्तींसाठी, त्यांची काळजी वाहणाऱ्यांसाठी किंवा त्यांच्या संस्थांच्या प्रतिनिधींसाठी राखल्या आहेत. मंडळावर बसण्याचा मान मोठाच. पण रोजच्या कामासाठी हुद्दा आणि पगार लागतो. व्यसनातून उठून दुसऱ्यास सावरणाऱ्या माणसास मानधनाच्या नावाखाली प्रवासखर्चावर राबविणे मला अन्यायाचे वाटते, कारण तो आपली सर्वांत दुखरी आठवण दिवसातून चार वेळा परक्यासमोर उघडतो. नवापूरच्या सरकारी रुग्णालयात मावची बोलणाऱ्या अशा एका स्त्रीची आणि एका पुरुषाची नेमणूक दप्तरी कायम नोंद होऊन व्हावी, रुग्णाच्या उपचाराचा निर्णय होतो त्या बैठकीत त्यांना बोलण्याचा अधिकार असावा, आणि स्वतःचेच पाऊल घसरते आहे असे ज्या दिवशी त्यांना वाटेल त्या दिवशी, नोकरी जाईल ही धास्ती न बाळगता, सोबत काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन तसे सांगण्याची आणि पगारी रजा घेण्याची मुभा असावी.