बदामीच्या छज्ज्याखालचा ताफा

जुन्या चित्रात नाचगाणं दिसलं की आपल्याकडचे जाणकार आधी राजा शोधतात. नाचणारी कोण, साथीला कोण, वाद्यं कोणती, हे सगळं मागाहून. आधी आसनावरचा इसम ओळखायचा आणि त्याला सनावळीत बसवायचं.

या हौसेचा नामांकित बळी म्हणजे अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला ‘इराणी वकील’. टोपीवाले परदेशी पाहुणे बघून जेम्स फर्ग्युसन यांनी १८७९ मध्ये निवाडा दिला, की हा इराणच्या खुस्रोचा वकील आणि समोर चालुक्य दुसरा पुलकेशी. निवाडा इतका गोड, की गाइडांच्या तोंडून तो वर्षानुवर्षं हलला नाही. पुलकेशी गादीवर आला ६१० च्या सुमाराला. वॉल्टर स्पिंक यांच्या कालगणनेनुसार ती भिंत वाकाटक हरिषेणाच्या काळातली, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली. मधे शंभराहून अधिक वर्षं गेली, त्यांचं काय?

त्याच लेण्यात महाजनक जातकाचा प्रसंग आहे. राजाचं मन संसारातून उडालेलं, राणी सिवली त्याला नाचगाण्यात गुंतवू पाहते. नर्तकीच्या अंगात लांब बाह्यांचा झगा आहे, भोवती बासरी, झांजा, मृदंग, आणि वाजवणाऱ्या सगळ्या बायका. हा शेवटचा तपशील पुष्कळांच्या लेखात येतच नाही. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात गाभाऱ्याच्या भिंतीवर मधोमध नर्तकी आणि बाजूंना सहा वादक, त्याही बायकाच. ग्वाल्हेरजवळच्या पवायाच्या शिल्पपट्टीवर तेच. मध्य प्रदेशातल्या बाघच्या चौथ्या लेण्यात टिपऱ्या नि झांजा घेतलेल्या बायकांची फेरीच आहे. नंदलाल बोस, असितकुमार हालदार प्रभृतींनी १९२१ मध्ये तिच्या नकला केल्या म्हणून निदान तेवढं तरी उरलं.

पुढची हजारेक वर्षं भराभर ओलांडायला हरकत नाही. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा स्वतःच तंबुऱ्याचा वेडा, ‘किताब-ए-नवरस’चा कर्ता, त्याच्या चित्रांत राजा हाच कलावंत, त्यामुळे विद्वानांची सोय झाली. राजा रविवर्म्याच्या म्हैसूरच्या चित्रात अकरा जणी प्रांतोप्रांतीच्या पोशाखात आहेत. ‘राष्ट्रीय एकात्मता’ म्हणून त्यावर व्याख्यानं झडतात. एकत्र मैफल रंगल्याची खूण मात्र कुणाच्या चेहऱ्यावर नाही. फोटो स्टुडिओत बसवल्यासारख्या त्या ज्या त्या दिशेला बघतात. ज्या जगनमोहन राजवाड्यात हे चित्र आहे, तिथेच आमच्या सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांची हातात दिवा घेतलेली मुलगी आहे, आणि तीही लोक बिनदिक्कत रविवर्म्याच्या नावावर घालतात. असो.

आता बदामी. बेळगावहून यरगट्टी, लोकापूर करत सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाआधी तिथे पोचतो. तरीही टिळकवाडीतल्या सुशिक्षितांच्या सहली अजिंठ्याला जातात. प्रस्तुत लेखकाने याबद्दल पूर्वीही बोटं झिजवली आहेत.

तिसऱ्या लेण्यातल्या लेखाची मिती शके ५००, कार्तिकी पौर्णिमा, म्हणजे इ.स. ५७८. दिवाळी उतरल्यावर येते तीच ही पौर्णिमा. चालुक्य कीर्तिवर्म्याच्या कारकिर्दीचं बारावं वर्ष चालू होतं आणि धाकट्या भावाने, मंगलेशाने, विष्णूचं हे लेणं पुरं केलं. आपल्या दक्षिणी मुलखात साहेबी नोकरी करता करता लेख वाचत सुटलेल्या फ्लीट यांनी तो छापला. नाचगाण्याचं चित्र पुढच्या छज्ज्याच्या आतल्या वळणावर आहे, उन्हावाऱ्याच्या तोंडाशी. अजिंठ्याला अंधाराने राखलं, बदामीला ते भाग्य नव्हतं. स्टेला क्रामरिश यांनी १९३० च्या दशकात या चित्रांवर लिहिलं, तोवर बरंचसं गळून गेलेलं होतं.

उरलं ते असं. खांबांचं दालन, त्यात बसलेला मोठा पुरुष. एका बाजूला नाचणारे दोघे, एक पुरुष आणि एक बाई. साथीला बायकांचा ताफा: बासरी आहे, मृदंगाच्या जातीची वाद्यं आहेत. नाट्यशास्त्रातल्या पुष्कर वाद्यांत आंकिक मांडीवर आडवं, ऊर्ध्वक उभं, आलिंग्य कवेत धरायचं. त्यांपैकी पहिली दोन इथे ओळखू येतात. कला-इतिहासकार शिवराममूर्तींनी पुरुषाची ठेवण ‘चतुर’ आणि बाईची ‘पृष्ठस्वस्तिक’ या करणांची ठरवली, ती डोळ्यांना पटते. पुढे मात्र तेही दैवतं शोधायला गेले: हा इंद्र, हा त्याचा वैजयंत प्रासाद. शेजारच्या तुकड्यातला राजा त्यांच्या मते कीर्तिवर्मा.

इंद्र असेलही. पण चित्रकाराने इंद्राची सभा पाहिली नव्हती, ताफा पाहिला होता. अजिंठा, बाघ, औरंगाबाद, बदामी अशा लांबलांबच्या ठिकाणी, थोडक्या पिढ्यांच्या अंतराने, बायकांचीच साथ पुन्हा पुन्हा येते ती कल्पनेतून येत नाही. अशा मंडळ्या होत्या, त्यांना बोलावणी येत, मृदंग धरणारीचा हात चित्रकाराने जवळून बघितला होता. ‘ही निव्वळ कविसंकेताची चित्रं’ म्हणणाऱ्या विद्वान मित्रांनी एकदा आंकिक मांडीवर घेऊन बसावं.

अशा बायकांची नावं शिलालेखात येणं मुश्किलच. आपल्या काळातही फारसं वेगळं नाही. १९२४ चं काँग्रेस अधिवेशन इथेच, बेळगावच्या टिळकवाडीला भरलं. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव. त्यात स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत अकराएक वर्षांची एक पोर होती. पुढे गंगूबाई हनगल झाली म्हणून तिचं नाव उरलं. तिथल्या काँग्रेस विहिरीजवळ आजही अध्यक्षांचीच गोष्ट सांगतात.

अजिंठ्याच्या वाट्याला नकलाकार तरी आले. रॉबर्ट गिल यांच्या नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या, ग्रिफिथ्स आणि जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक १८८५ च्या आगीत. तरी लेडी हेरिंगहॅम आल्या, औंधच्या पंतप्रतिनिधींनी पुस्तक काढलं. बदामीच्या छज्ज्यासाठी मराठी मुलखातून असा कुणी राजा उठला नाही. आता पहिल्या लेण्यातल्या अठरा हातांच्या नटराजापुढे मोबाइल धरून रांग लागते, माकडं पिशव्या पळवतात, आणि तिसऱ्या लेण्यात आलेली माणसं खांब बघून उतरतात. मान वर करून छज्जा बघायला सांगणारा गाइड विरळा.

एक कोडं मात्र सुटत नाही. साथीला सगळ्या बायका, मग नाचणारा पुरुष तिथे काय करतोय? शिवराममूर्तींना तो स्वर्गीय नट वाटतो. प्रस्तुत लेखकाला तो ताफ्याचा गुरू वाटतो: शिष्येला ठेवण दाखवता दाखवता स्वतःच नाचात उतरलेला. या मुद्द्यावर धारवाडच्या एका जुन्या स्नेह्याशी सुरू झालेला पत्रव्यवहार अजून चालू आहे, आणि त्याचं म्हणणं साफ उलट आहे.